वंशावळ नसलेलं घर

समजा, एका घरात कुणाचंच लग्न होत नाही. पाळणा हलत नाही. आईच्या बांगड्या लेकीकडे जात नाहीत, बापाच्या नावावरची जमीन मुलाच्या नावावर चढत नाही. असं घर किती वर्षं टिकेल? सरळ हिशेब केला तर आत असलेलं शेवटचं माणूस जाईपर्यंत, म्हणजे फार तर पन्नास-साठ वर्षं. आणि तरीही ८ डिसेंबर १८८९ रोजी नेदरलँड्समधल्या एका नदीकाठच्या खेड्यात सुरू झालेलं असंच एक घर आज एकशे पस्तिशी ओलांडून उभं आहे. चाळीसहून अधिक देशांत ते पसरलं आहे आणि त्यात जवळपास तीन हजार स्त्रिया राहतात.

हा कॅथलिक धर्मभगिनींचा मिशनरी संघ. मराठीत त्यांना ‘पवित्र आत्म्याच्या सेविका’ म्हणता येईल. मुंबईकर मात्र त्यांना त्यांच्या हॉस्पिटलच्या नावानं ओळखतात. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवरचं ‘होली स्पिरिट’ १९६७ पासून याच सिस्टर्स चालवतात. कितीतरी मराठी कुटुंबांनी तिथं आजारपणं काढली, रात्री बाकावर बसून काढल्या. पण हे हॉस्पिटल ज्यांनी उभं केलं त्या बायका कुठून आल्या, त्यांचा संघ कसा जन्मला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. दरवर्षी ८ डिसेंबरला, मरियामातेच्या सणाच्या दिवशी, त्यांच्या प्रत्येक मठात स्थापनेचा दिवस साजरा होतो.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या माणसाला स्मरणदिन म्हटलं की आधी चिरनेर आठवतं. २५ सप्टेंबर १९३०ला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, नाग्या महादू कातकरी याच्यासह आठ जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरच्या स्मारकापाशी लोक जमतात, हुतात्म्यांच्या वारसांना मानानं बोलावलं जातं. ही आपल्या ओळखीची रीत आहे. आठवण रक्ताच्या नात्यातून खाली उतरते, आडनावातून पुढे जाते, गावच्या मातीला चिकटून राहते. धर्मभगिनींच्या संघाकडे यातलं काहीच नाही. स्थापना करणाऱ्या बाईची पणती तिथं नसते. जी आठवण जागवते ती दुसऱ्या देशातली, दुसऱ्या भाषेतली, एका अनोळखी आईची मुलगी असते. म्हणून अशा संघाचा प्रत्येक वर्धापनदिन मला थक्क करतो. एवढी वर्षं झाली याचा अर्थ, एवढी वर्षं अनोळखी मुली दार ठोठावत राहिल्या.

त्या यायच्या थांबल्या तर काय होतं, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिकाची भव्य, तीनमजली वास्तू आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांनी १६०६मध्ये हा स्त्रियांचा मठ स्थापन केला, आणि पूर्वेकडच्या देशांतल्या अगदी पहिल्या मठांत तो मोडतो. तिथं एकदा आत गेलेली बाई पुन्हा बाहेर यायची नाही. नातेवाइकांशी बोलणं जाळीआडून, पुरणंही आतच. अशी बंदिस्त मठांची शेकडो वर्षं गेली. मग १८३४मध्ये पोर्तुगाल सरकारनं पुरुषांचे मठ बंद केले. बायकांना हाकललं नाही, फक्त नवीन मुली घेण्याची मनाई केली. कुणाच्या अंगाला हात लावला नाही, दाराला कुलूपही ठोकलं नाही, तरी मठाचा प्राण गेला होता. आतल्या स्त्रिया म्हाताऱ्या होत गेल्या, एकेक करून गेल्या, आणि १८८५ साली शेवटची गेली. पोटी संतान नसलेल्या घराला मारायला तलवार लागत नाही, उंबरठ्यावर एक हुकूम लावला की पुरतं.

हे चालू असतानाच, म्हणजे गोव्यात शेवटच्या वृद्धा दिवस मोजत असताना, हॉलंडमधल्या श्टाइल नावाच्या खेड्यात काही मोलकरणी एका मोठ्या स्वयंपाकघरात राबत होत्या.

श्टाइल हे मास नदीच्या काठी, जर्मन सरहद्दीजवळ. तिथं अर्नोल्ड यान्सेन नावाच्या जर्मन धर्मगुरूनं १८७५मध्ये एक जुनी खानावळ विकत घेतली होती. हा माणूस बारा वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होता. परदेशी मिशनरी पाठवणारी जर्मन संस्थाच नाही, ही गोष्ट त्याला बोचत होती. १८७४मध्ये त्यानं मिशनची माहिती देणारं एक छोटं मासिक सुरू केलं. संस्था मात्र जर्मनीत काढणं शक्य नव्हतं, कारण बिस्मार्कनं कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली होती. बिशप तुरुंगात जात होते आणि १८७५च्या प्रशियन कायद्यानं, रुग्णसेवा करणारे सोडून बाकीचे धर्मसंघ बेकायदा ठरले होते. म्हणून यान्सेन सीमा ओलांडून हॉलंडमध्ये आला. सुरुवातीला खानावळीत चार माणसं होती. १५ वर्षांत तिथं विद्यार्थी, धर्मगुरू, धर्मबंधू, छापखान्यातले कामगार अशी शेकडो माणसं जेवायला बसू लागली.

आता एवढ्या माणसांचं रांधायचं कुणी? धुणं, शिवण, भाजीपाला? जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या दुसऱ्या एका संघाच्या सिस्टर्स स्वयंपाकघर बघत, आणि त्यांच्या हाताखाली काही बाहेरच्या स्त्रिया राबत. त्यातली एक होती हेलेना श्टोलेनवेर्क. आयफेलच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याची मुलगी, जन्म १८५२. लहानपणी तिच्या हाती मुलांसाठीची मिशनची पत्रकं पडत, त्यात चीनमधल्या टाकून दिलेल्या बाळांच्या कहाण्या असत. तेव्हापासून तिच्या मनानं एकच घेतलं होतं, चीनला जायचं. मोठी झाल्यावर तिनं वर्षानुवर्षं असा मठ शोधला जो चीनला बायका पाठवतो. मिळेना. शेवटी श्टाइलची बातमी लागली. पण तिथं तर फक्त पुरुषांची संस्था होती. बायकांचा संघ काढायचा की नाही, हे यान्सेनच्या मनात पक्कं नव्हतं आणि त्यानं तसं वचनही दिलं नव्हतं. तरी १८८२च्या डिसेंबरच्या शेवटी, तीस वर्षांची हेलेना तिथं मोलकरीण म्हणून दाखल झाली.

वर्षभरानंतर, फेब्रुवारी १८८४मध्ये, हेंड्रिना श्टेनमान्स आली. तीही १८५२ची, इसुम गावची. घरात थोरली, रेशीम विणून संसाराला हातभार लावणारी. मरणाच्या दारात असलेल्या आईला तिनं शब्द दिला होता की धाकट्यांना सांभाळीन, आणि म्हणून स्वतःची मठात जायची इच्छा तिनं कित्येक वर्षं बाजूला ठेवली होती. भावंडं मार्गी लागल्यावर ती आली तीही थेट स्वयंपाकघरात.

या सात वर्षांवर माझं मन अडखळतं. हेलेनानं १८८२पासून १८८९पर्यंत काय केलं? मोठाल्या हंड्यांत शिजवलं, पुरुषांचे कपडे धुतले, फाटलेलं शिवलं. बाहेरच्या अंगणातून तरुण मिशनरी निरोप घेऊन चीनला निघत होते. १८७९लाच पहिले दोघे गेले होते, नंतर तुकड्या जातच राहिल्या. त्यांचे डबे तिनं बांधून दिले असतील. ज्या देशाचं स्वप्न ती लहानपणापासून बघत होती, त्या देशाला जाणाऱ्यांचं उष्टं ती काढत होती, आणि तिचा नंबर लागेल असं कुणी सांगितलेलं नव्हतं. ती निघूनही जाऊ शकत होती. गेली नाही.

८ डिसेंबर १८८९ला यान्सेननं अखेर या स्त्रियांना नव्या संघाच्या उमेदवार म्हणून स्वीकारलं. तो स्थापनेचा दिवस. त्यानंतरही घाई नव्हती. १७ जानेवारी १८९२ला पहिल्या स्त्रियांना संघाचा वेष मिळाला, १२ मार्च १८९४ला पहिली व्रतं झाली. आणि पुढच्याच वर्षी, १८९५मध्ये, पहिल्या सिस्टर्स जहाजात बसून अर्जेंटिनाला गेल्या. १८९७मध्ये टोगो, १८९९मध्ये न्यू गिनी, १९०१मध्ये अमेरिका. कालपर्यंत चुलीपाशी असलेल्या बायका आता विषुववृत्ताखाली शाळा काढत होत्या.

हेलेना मात्र गेली नाही. संघाची प्रमुख म्हणून ती श्टाइललाच राहिली, आणि नंतर आणखी एक वळण आलं. १८९६मध्ये यान्सेननं संघाची दुसरी शाखा काढली. गुलाबी वेष घालणाऱ्या, बाहेर न पडणाऱ्या, रात्रंदिवस आळीपाळीनं प्रार्थना करणाऱ्या भगिनींची. १८९८मध्ये त्यानं हेलेनाला या बंदिस्त शाखेत जायला सांगितलं. चीनला निघालेली बाई ४६व्या वर्षी पुन्हा नवशिकी झाली, आणि तीही अशा मठात की जिथून फाटकाबाहेरही पाऊल पडणार नव्हतं. ३ फेब्रुवारी १९००ला ती वारली. श्टाइलच्या पहिल्या सिस्टर्स १९०५मध्ये चीनला पोचल्या. हेंड्रिना, तिच्यामागून प्रमुख झालेली, १९०३मध्ये दम्यानं खंगून गेली होती. यान्सेनसुद्धा १९०९मध्ये मरेपर्यंत एकाही मिशनच्या देशात गेला नाही. जगभर माणसं पाठवणाऱ्या संस्थेच्या तिन्ही मुळांना जग बघायला मिळालं नाही. चर्चनं पुढं हेलेनाला १९९५मध्ये आणि हेंड्रिनाला २००८मध्ये ‘धन्य’ म्हणून घोषित केलं, यान्सेनला २००३मध्ये संतपद दिलं.

आज आपल्याला सिस्टर म्हटलं की शाळेच्या फाटकापाशी, वॉर्डात, आदिवासी पाड्यावर दिसणारी बाई आठवते. पण चर्चच्या इतिहासात हे दृश्य अगदी अलीकडचं आहे. १२९८मध्ये पोपनं हुकूम काढला की व्रत घेतलेल्या स्त्रीनं मठाबाहेर पडायचं नाही, आणि सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं तो पुन्हा कडक केला. सांता मोनिकाच्या जाळ्या त्यातूनच आल्या. मेरी वॉर्ड या इंग्रज बाईनं १६०९च्या सुमारास मुलींना शिकवण्यासाठी मोकळेपणानं हिंडणाऱ्या स्त्रियांचा संघ काढला, तर १६३१मध्ये पोपनं तो मोडला आणि तिला म्युनिकच्या एका मठात कोंडून ठेवलं. तिच्या परंपरेतूनच पुढं लोरेटोचा संघ आला, ज्यात दाखल होऊन मदर तेरेसा भारतात आल्या. १६३३मध्ये पॅरिसला व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी आपल्या स्त्रियांना ‘नन’ म्हणवून घेतलंच नाही. आयुष्यभराची व्रतं नाहीत, दरवर्षी नव्यानं घ्यायची. कायद्यात नन नाही म्हटल्यावर बंदी लागू होत नाही, आणि त्या निवांत गल्लीबोळांत रुग्णांकडे जाऊ लागल्या. साधी व्रतं घेऊन बाहेर काम करणारे संघ हेही पूर्ण अर्थानं धर्मसंघ आहेत, हे रोमनं नीट मान्य केलं ते ८ डिसेंबर १९०० रोजी. श्टाइलच्या बायकांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांना आपली जागा कुठं, हे कायद्यात धड लिहिलेलंही नव्हतं.

तीच कथा वैद्यकीची. भारतातल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, त्यामुळे बाळंतपणात बायका मरत. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या त्या याच दुःखापायी. पण कॅथलिक चर्चनं व्रतस्थ स्त्रियांना बाळंतपणाच्या कामाची परवानगी दिली नव्हती. रावळपिंडीत हे जवळून पाहिलेली ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल हिनं ३० सप्टेंबर १९२५ला वॉशिंग्टनमध्ये आणखी तिघींना सोबत घेऊन वैद्यकीय मिशनरी बायकांचा गट काढला, आणि त्यांनी सुरुवातीला जाहीर व्रतं घेतलीच नाहीत, म्हणजे बंदी आडवी येऊ नये. ११ फेब्रुवारी १९३६ला रोमनं नियम बदलला. आज मिशनच्या दवाखान्यात एखादी सिस्टर बाळाला आईच्या कुशीत ठेवते, तेव्हा त्यामागं अशा बायका उभ्या असतात ज्या परवानगी येईपर्यंत थांबल्या नाहीत.

आणि हे घर दर पिढीला पुन्हा उभं राहतं तरी कसं? त्याची यंत्रणा साधी आणि फार विचारपूर्वक बांधलेली आहे. मुलगी आली की लगेच आत घेत नाहीत. आधी काही महिने ती सोबत राहून पाहते. मग नवशिक्षण, किमान एक वर्ष आणि दोनपेक्षा जास्त नाही. या काळात ती प्रार्थना शिकते, नियम शिकते, आणि संघाचा इतिहास शिकते. चर्चच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय की नवशिकीला संस्थेचा स्वभाव आणि तिची कहाणी शिकवलीच पाहिजे. म्हणजे ज्या घरात आजी नाही, तिथं आजीची गोष्ट सांगणं हे अभ्यासक्रमात घातलेलं आहे. त्यानंतर गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं, पण ठरावीक मुदतीची, किमान तीन वर्षं. लांबवली तरी एकूण नऊपर्यंतच. या सगळ्या काळात ती मुलगी परत जायला मोकळी असते, आणि संघही तिला नाही म्हणायला मोकळा. शेवटी आजीवन व्रतं. मिस्सा चालू असताना ती आपल्या हातानं लिहिलेला कागद मोठ्यानं वाचते आणि वेदीवर ठेवून त्यावर सही करते. सुरक्षितपणे गोळा करून ठेवलेले असे कागद म्हणजेच या घराची वंशावळ.

संघाचा कुणी मालक नसतो. प्रमुख निवडून येते, ठरावीक मुदतीपुरती, आणि मुदत संपली की पुन्हा साधी सिस्टर होऊन एखाद्या मठात भांडी घासते. मिळकत संघाच्या नावावर, पगार संघाच्या थैलीत. घराण्यांची वाताहत भाऊबंदकीनं होते, ती शक्यताच इथं मुळात खोडून टाकली आहे. याची किंमत अर्थातच मोठी आहे. मूल नाही, स्वतःचं घर नाही, कुठं राहायचं हे दुसरं कुणी ठरवणार. ही किंमत हलकी आहे असं मी म्हणणार नाही.

भारतात या सिस्टर्स १९३३मध्ये आल्या, होळकरांच्या इंदूर भागात, जिथं यान्सेनच्या धर्मगुरूंनी आदल्या वर्षी काम हाती घेतलं होतं. काही वर्षांतच युद्ध पेटलं. जर्मन नागरिक ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रू ठरले, मिशनरी असोत की व्यापारी. अहमदनगर, देवळाली, मग देहरादून अशा छावण्यांत शेकडो जर्मन पुरुष अडकून पडले. त्याच युद्धाच्या काळात, १९४२मध्ये, अंधेरीत आणखी एक नवल घडलं. ॲना ह्युबेर्टा रोगेनडोर्फ या जर्मन धर्मभगिनीनं तिथल्या अनाथाश्रमात काम करताना भारतीय मुलींचा एक नवा संघच उभा केला, मरियेच्या मदतनिसांचा. वर्सोव्याच्या यारी रोडवर कुष्ठरुग्णांसाठी ‘विमला’ हॉस्पिटल चालवणाऱ्या त्या याच. संघ युरोपातूनच यावा लागतो असं नाही. आपल्या मातीतही तो रुजतो, ही गोष्ट मुंबईच्या उपनगरात सिद्ध झाली.

होली स्पिरिट हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्याला नाव मिळालं ते कोंडिविट्याच्या, म्हणजेच महाकालीच्या, लेण्यांवरून. तिथल्या एकोणीस बौद्ध गुंफा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढं पाच-सहाशे वर्षं खोदल्या गेल्या. तिथं राहणाऱ्या भिक्षूंच्या घरातही कुणी जन्मत नव्हतं. दीक्षा घेऊन नवा माणूस यायचा, जुना जायचा, आणि गुंफेतला दिवा पुढच्या हाती जायचा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातही महदाइसेसारख्या स्त्रिया घरदार सोडून आल्या, आणि गुरूकडून शिष्येकडे ती वाट आजवर चालू आहे. म्हणजे रक्ताच्या नात्याशिवाय माणसं एकमेकांची वारस होऊ शकतात, हे महाराष्ट्राला काही नवं नाही. नवं आहे ते एवढंच की श्टाइलच्या मोलकरणींनी हे साऱ्या जगाच्या पसाऱ्यावर करून दाखवलं. आज या संघातल्या सिस्टर्स मोठ्या संख्येनं भारत आणि इंडोनेशियासारख्या देशांतल्या आहेत, आणि मिशनरी म्हणून आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, अगदी युरोपातसुद्धा जातात. ज्या जर्मन गावांतून सिस्टर्स निघत होत्या, तिथल्या वृद्धाश्रमात आता आशियातली सिस्टर आजीबाईंना औषध देते.

युरोपात नव्या मुली जवळजवळ येईनाशा झाल्या आहेत. तिथले जुने मठ विकले जातात, एखाद्या ठिकाणी चार म्हाताऱ्या सिस्टर्स एकमेकींना सांभाळत राहतात. आपल्याकडेही, वसईत, गोव्यात, केरळात, पूर्वीइतक्या मुली येत नाहीत. हेलेनाच्या काळी चीनला जायचं, शिकायचं, परदेशी काही करायचं तर सामान्य शेतकऱ्याच्या मुलीला मठाखेरीज दुसरी वाट नव्हती. आज नर्स व्हायला, डॉक्टर व्हायला, शिक्षिका व्हायला, जग फिरायला मठात जावं लागत नाही. त्यामुळे आता जी मुलगी येते, ती दुसरं काही मिळत नाही म्हणून नाही येत. बाहेर सगळे दरवाजे उघडे असताना ती हा एक दरवाजा निवडते, तिथल्या पहिल्या वर्षी मोलकरणींच्या स्वयंपाकघराची गोष्ट शिकते, आणि काही वर्षांनी आपल्या हातानं लिहिलेल्या कागदावर सही करते. १८८९पेक्षा आज हे जास्त अवघड आहे, असं मला वाटतं, आणि म्हणूनच अधिक विस्मयाचं.